सेलूकरकाकांच्या गुलाबांचं पाणी

हे खरं म्हणजे चार ओळींत संपायला हवं होतं. अमुक पत्रकातला अमुक मजकूर चुकीचा होता, आम्ही दिलगीर आहोत. चौकटीत, ठळक टाइपात, खाली मुद्रकाचं नाव. तेव्हा ते छापता आलं नाही. आता सेलूकरकाका मुलीकडं नांदेडला गेले. त्यांचं घर विकलं गेलं, नव्या मालकानं अंगणात फरशी बसवून गाडी उभी केली. या हकिकतीतला दुसरा माणूसही शहर सोडून गावाकडं परतला. नावं मी बदलली आहेत. सिडकोतली एक गल्ली एवढंच सांगते, कोणती ते सांगत नाही. एवढी काळजी घेऊन आता लिहायला बसले, तर ते चार ओळींत मावत नाही.

माझ्या पप्पांचा छोटा छापखाना आहे. अंकलिपीच्या आधी मी "जाहीर आवाहन" वाचायला शिकले. जयंतीची पत्रकं, मोर्च्यांची पत्रकं, लग्नपत्रिका, रमजानचं वेळापत्रक, सगळं आमच्याकडं छापलं जायचं आणि उरलेल्या कागदांच्या पाठीवर मी शाळेचा अभ्यास करायची. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. गल्लीत घरोघरी टाकायची. आमच्या गच्चीवर निळा झेंडा आणि समोरच्या सेलूकरांच्या दारावर गणपतीची फरशी. मधे बारा फुटांचा रस्ता. त्या बारा फुटांतून त्यांनी मला आणि मी त्यांना किती वर्षं न्याहाळलं असेल, सांगता येणार नाही.

माझं पहिलं पत्रक त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. लाल पेन्सिलीनं तीन ठिकाणी खुणा. दोन शुद्धलेखनाच्या. तिसरी खूण "सर्वांना ठाऊक आहे की" या शब्दांखाली, आणि समासात एकच शब्द: कशावरून?

हा शब्द त्यांचा श्वास होता. जमिनीच्या कागदांच्या कचेरीत त्यांनी सगळी नोकरी काढली. नक्कल मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कागद गेले, सवय राहिली. भाजीवाला म्हणाला, मेथी ताजी आहे काका, की कशावरून. पाणी सोडणारा म्हणाला, उद्या नळ येईल, की कशावरून. त्याला बसवून, चहा पाजून ते त्याची उलटतपासणी घ्यायचे. टाकी कधी भरली, कोणता व्हॉल्व्ह आधी उघडणार, मागच्या खेपेला उशीर का झाला. एकदा जावयानं फोनवर सांगितलं म्हणे की आम्ही सुखरूप पोचलो, तर त्यालाही तेच विचारलं. ही गोष्ट त्यांच्या मुलीनं हसत हसत सांगितली होती, म्हणून खरी धरते.

त्यांच्या अंगणात गुलाबांची एकतीस झाडं होती. गल्लीची समजूत अशी की काकू गेल्या आणि त्यांच्या आठवणीत काकांनी बाग लावली. मी एकदा तसं म्हणाले. ते म्हणाले, "तिला मोगरा आवडायचा. गुलाब माझा आहे. तिला काट्यांचा राग होता." मग कात्री पुसत पुढच्या झाडाकडं गेले.

गुलाबाशी ते प्रेमानं वागायचे असं मला कधीच वाटलं नाही. ते गुलाबावर पाळत ठेवायचे. सकाळी सहाला दोन्ही गुडघ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधून ते वाफ्यात उतरायचे आणि एकेक पान उलटं करून बघायचे. वरून हिरवंगार दिसणाऱ्या पानाच्या पाठीवरच कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसलेली असते, म्हणायचे, वरची बाजू बघून फसायचं नाही. फांदी टोकाकडून काळी पडायला लागली की त्याच दिवशी ती काळ्याच्या खाली चार बोटं छाटायची, कापल्या जागी मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा, आणि पुढच्या झाडाला हात लावण्याआधी कात्री स्पिरिटनं पुसायची. पावसाळा सरला की मोठी छाटणी. त्या दिवशी फाटक आतून बंद. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवा फुटवा येणारा कोंब, शोधायचा, त्याच्या वर तिरका काप. झाडाचा आतला भाग मोकळा राहिला पाहिजे, आत गर्दी झाली की रोगाला लपायला जागा मिळते, असं त्यांचं म्हणणं. रोपं घ्यायला ते करमाडकडच्या एका रोपवाटिकेत जायचे आणि प्रत्येक रोपाची साल नखानं खरवडायचे. खाली हिरवं दिसलं तरच रोप पिशवीत. तिथला माणूस त्यांना बघितला की हात जोडायचा म्हणे. काका, सगळीच खरवडली तर मी विकू काय.

आमच्या भागात पहाटे फिरायला निघणाऱ्या माणसांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. कुंपणाबाहेर आलेलं फूल त्या पिशवीत जातं. देवासाठी तोडलेल्या फुलाला कोणी चोरी म्हणत नाही, आणि ज्याचं झाड तोही बोलत नाही. काका बोलायचे. नुसते बोलून थांबले नाहीत. कळी धरली की तिच्या देठाला ते शिवणकामाचा दोरा बांधायला लागले, दर वाराला वेगळा रंग. एका गुरुवारी ते कोपऱ्यावरच्या देवळात गेले, आणि मूर्तीच्या पायाशी पिवळ्या दोऱ्याचं फूल. पुजाऱ्याला म्हणाले, हे माझं आहे. पुजारी म्हणाला, आता ते देवाचं झालं, सेलूकरसाहेब. काका म्हणाले, "देवाचं झालं, मान्य. पण देवाकडं आलं कुठून, ते त्याला विचारून ठेवा." त्यांनी गाठ सोडून दोरा खिशात घातला आणि फूल तिथंच ठेवून आले. पुढं महिनाभर पिशवीवाले आमच्या गल्लीतून न जाता मागच्या गल्लीनं जायचे.

आणि तरी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्याचं कारण सांगायला हवं. एका एप्रिलमध्ये जयंतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या फाटकाशी गेले. मंडळाच्या फोटोला हार करायचा होता, बाजारातली फुलं दुपारीच माना टाकतात. मी म्हटलं, काका, दहा गुलाब द्या. त्यांनी सांगितलं की झाडावरचं फूल मी कोणालाच देत नाही, देवालाही नाही. मला ते फार सोयीचं उत्तर वाटलं. नकार द्यायचा असेल तेव्हा ज्यांच्याकडं नियम तयार असतात, अशी माणसं मी पत्रकांतून चांगली ओळखत होते. मी घरी येऊन पप्पांना म्हटलं, बघितलं? पप्पा कागद मोजत होते. म्हणाले, "अगं, ते गणेश मंडळालाबी देत नायत. तिथंबी भांडण झालंय त्यांचं." मी ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

मग तो उन्हाळा आला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही पाऊण तास. कधी आठवडा दहा दिवसांचा व्हायचा. घरोघरी ड्रम, पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवलेला. सगळ्यांच्या कुंड्या वाळल्या, पपई वाळली, तुळशीला भांडी विसळलेलं पाणी. आणि सेलूकरांच्या अंगणात गुलाब फुललेले. मे महिन्यात. लाल, शेंदरी, एक जवळजवळ काळा. रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा, आणि लगेच त्याच्या कपाळावर आठी पडायची. मला त्या आठीचा अर्थ कळायचा, कारण माझ्या कपाळावर ती रोज होती.

मी पाळत ठेवली. दुपारी सव्वादोनला, गल्लीत माणूस दिसत नाही तेव्हा, काका जुनी स्कूटर काढायचे. पायाजवळ एक निळा कॅन, मागच्या सीटवर एक, दोन्हींवर गोणपाट. अर्ध्या तासानं परत. जाताना कॅन डुगडुगायचे, येताना जड असायचे. परत आल्यावर ते कॅन झाकणासकट जोरजोरात हलवायचे, झाकण उघडून आत टक लावून बघायचे, आणि मगच पाणी घालायचे. विषाची तपासणी करावी तसं. हा माणूस पाणी कुठून आणतो? बोअर नाही. टँकर नाही. पाणी सोडणारा आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडं चहा पितो. व्हॉल्व्हची चेंबर आमच्या गल्लीपासून स्कूटरवर पाच मिनिटांवर. मी सगळं जुळवलं. इतकं छान जुळलं की पुन्हा तपासावंसं वाटलंच नाही.

विचारता आलं असतं. बारा फूट रस्ता ओलांडायचा होता. पण मला उत्तर नको होतं, मला उदाहरण हवं होतं. समान पाण्याच्या मागणीचं पत्रक तयार होतं आणि त्याला धार नव्हती. मी ओळ घातली: "नाल्यापलीकडच्या वस्तीत बाई एका घागरीसाठी दोन तास उभी राहते, आणि सिडकोतल्या एका निवृत्त कारकुनाच्या गुलाबांना व्हॉल्व्हवरून रोज चोरीचं पाणी मिळतं." नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. पप्पांनी प्रूफ वाचलं आणि म्हणाले, प्रज्ञा, तू बघितलंस का? मी म्हटलं, दिसतंय की. ते म्हणाले, दिसतंय ते निराळं. पण छापलं. मी त्यांची लेक होते.

एक गोष्ट मी त्या पत्रकात लिहिली नव्हती. आमच्याही नळावर मोटर होती. गल्लीतल्या निम्म्या घरांत होती. आमचं राहणं वरच्या मजल्यावर, मोटरीशिवाय पाणी चढत नाही. माझा हिशेब असा की आमची गरज आणि त्यांचा शौक.

चार दिवसांनी महापालिकेची तपासणीची माणसं आली. सकाळीच कुणीतरी फोन करून आम्हाला कळवलं होतं, त्यामुळं पप्पांनी आमची मोटर पोत्यात घालून छापखान्यात नेली. माणसं सरळ काकांकडं गेली. गल्ली फाटकाबाहेर उभी. त्यांनी नळ बघितला, टाकी बघितली, वाफे उकरले, न्हाणीघरात डोकावले. मोटर नाही, चोर नळी नाही. अधिकारी वयानं लहान होता. त्यानं अदबीनं विचारलं की काका, एवढ्या झाडांना पाणी कुठून येतं तेवढं सांगा, मी लिहून घेतो आणि जातो. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना कशावरून विचारलं, तो वाकून गुडघ्यांवरचे ट्यूबचे तुकडे सोडायला लागला. मग म्हणाला, "नळाचं नाही. एवढं लिहा." अधिकारी म्हणाला, मग कुठलं? काका म्हणाले, "ते माझं मी बघतो." माणसं कागदावर काहीतरी लिहून निघून गेली. जाताना काकांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. रागानं नव्हे. पान उलटं करून बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटर निघाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रत्येक खिडकीत कोणीतरी बसलेलं होतं, आमच्याही. आठवड्यानं गुलाबांची कोवळी टोकं वाकली. मग पानं पिवळी पडून गळाली. मग कळ्या दोऱ्यांसकट जागच्या जागी वाळल्या. काका सकाळी उतरायचे, ट्यूबचे तुकडे बांधून, तांब्यानं एकेका झाडाला पाणी द्यायचे. आपल्या वाट्याचं, पिण्याचं. एकतीस झाडांना ते कुठं पुरणार. गल्लीत लोक एकमेकांना म्हणायला लागले, बघा, पत्रक निघालं आणि पाणी बंद झालं. म्हणजे चोरीचंच होतं. प्रत्येक वाळकं झाड माझ्या बाजूनं साक्ष देत होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. माझ्या लिहिण्यानं पहिल्यांदाच काहीतरी घडलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात रशीदभाई छापखान्यात आले. नाल्यापलीकडच्या वस्तीत एक छोटी मशीद आहे, तिथं ते अजान द्यायचे आणि झाडलोट, दिवाबत्तीही बघायचे. मूळचे सिल्लोडकडचे. मशिदीचं छपाईचं काम पप्पांकडं असायचं, त्यामुळं मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. पावतीपुस्तक घेतलं, पण निघेनात. मग पप्पांना विचारलं, "भाई, तुम्हारे सामने वो बाबा रहते ना, गुलाबवाले. तबेत खराब है क्या उनकी? बीस दिन हो गए, पानी लेने नै आए."

मशीन बंद नव्हतं, तरी मला ते थांबल्यासारखं वाटलं. पप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, कसलं पाणी, रशीदभाई?

वजूचं. नमाजाआधी हातपाय, तोंड धुतात ते. मशिदीला बोअर आहे, वजूचं पाणी नालीतून नाल्यात जायचं. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात काका नाल्याच्या कडेनं चालले होते आणि त्यांना वाळलेल्या काठावर हिरव्या गवताची एक पट्टी दिसली. दुसरा कोणी असता तर पुढं गेला असता. काका त्या पट्टीचा माग काढत मशिदीच्या भिंतीशी पोचले आणि दारात उभं राहून म्हणाले, नळाचं पाणी वाया घालवता, मी तक्रार करणार आहे. रशीदभाईंनी त्यांना आत नेलं, बोअर दाखवला, वजूचे नळ दाखवले, नाली दाखवली. वर म्हणाले, बाबा, नालीमें जा रा पानी, तुमको होना तो ले जाओ. काका दोन दिवसांनी एक कॅन घेऊन आले. तो एकाच झाडाला घातला, सगळ्यात वाईट झाडाला, आणि पंधरा दिवस वाट बघितली. मग रोज. रशीदभाईंनी नालीच्या तोंडाशी विटा लावून छोटा खड्डा केला. कॅन भरला की काका तो हलवून फेस येतो का बघायचे. रशीदभाई हसले. "मैं बोला, बाबा, वजूमें साबुन नै लगता. तो भी रोज हिलाके देखते."

त्या बदल्यात काय देतात, असं पप्पांनी विचारलं. काही नाही, ते म्हणाले. म्हणजे, सिल्लोडकडच्या आमच्या जमिनीचे कागद एकदा सबंध दिवस बसून बघून दिले, आणि आजोबांच्या नावातली चूक शोधून काढली, तेवढंच. फूल? फूल नाही दिलं कधी.

मी त्या दुपारी बारा फूट ओलांडले.

काका वाळलेल्या झाडांच्या काड्या मुळाशी कापत होते. एकोणीस गेली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. चूक माझी, मी उद्याच दुरुस्ती छापते, सगळं खरं लिहिते, पाणी कुठलं तेही, म्हणजे गल्लीची तोंडं बंद होतील. शिवाय ही गोष्ट लोकांना कळायलाच हवी, आजच्या दिवसांत तर हवीच. मला माझ्याच बोलण्याचा जोर चढत होता. मथळासुद्धा सुचला होता.

त्यांनी कात्री पुसली. म्हणाले, "रशीदला विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

"मग बस खाली."

मी पायरीवर बसले. ते मातीतच बसले. म्हणाले, "तू छापशील. पहिल्या दिवशी लोक वा म्हणतील, फोटो काढायला येतील. मी कॅन धरलेला, रशीद नळ धरलेला. दुसऱ्या दिवशी देवळातला कोणी विचारेल, सेलूकर, तिकडं रोज कशाला जाता? आणि तिकडं रशीदला कोणी विचारेल, हा माणूस रोज येऊन काय बघून जातो? दोघंही नुसतंच विचारतील, वाईट हेतूनं नाही. मी असतो तर मीही विचारलं असतं. पण त्याची नोकरी तिथल्या चार माणसांच्या मर्जीवर आहे. त्याला उत्तर देता देता नाकी नऊ येतील. मग एक दिवस नालीच्या विटा निघतील. कोणी काढल्या, ते कोणालाच माहीत नसेल."

शहरात तेव्हा पाट्या बदलत होत्या, आणि बोलताना शहराचं कोणतं नाव घेतो यावरून माणसं एकमेकांना जोखत होती. ते चुकीचं बोलत होते असं मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, निदान एवढं तरी छापते की तुम्ही चोरी केली नाही.

"मग कुठून आणलं, हा प्रश्न येतोच. तो मी कोणालाही सोडला नसता. लोक का सोडतील?"

"पण लोक तुम्हाला चोर म्हणतायत, काका."

"म्हणू दे. चोराला शिव्या देतात आणि कामाला लागतात. त्याच्या मागं कोणी जात नाही." मग म्हणाले, "मीसुद्धा तक्रार करायलाच गेलो होतो तिथं. तुझ्यात माझ्यात फरक एवढाच की मी आधी दार वाजवलं."

मी म्हटलं, आमच्या टाकीतलं पाणी रोज देते, चार बादल्या. त्यांनी मान वर केली, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "मोटरीचं का? तीन वर्षं ऐकतोय तुमची मोटर. खालचं बेअरिंग गेलंय तिचं, पप्पांना सांग." मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत? ते म्हणाले, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, ते मी येऊन बघितलंय. तुझी आई बादल्या चढवत होती तेव्हा.

मी दुरुस्ती छापली नाही. लिहून ठेवली होती, ती फाडली. आमच्या घरात छापलेली चूक छापूनच सुधारायची असा दंडक होता, आणि मी तो मोडला. पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी शाईचे हात पुसले. म्हणाले, तुझ्या पत्रकानं गेलेलं त्यांचं नाव परत यायचं नाही, एवढं ध्यानात ठेव. मी म्हटलं, ठेवते. आमची मोटर त्या दिवसानंतर छापखान्यातून परत आली नाही. पाणी मी चढवायला लागले. यात थोरपण काही नाही. गुडघे दुखले की मला कोणाचा तरी राग यायचा, एवढंच.

काका मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा निघाले, आणि दुपारी नव्हे. सकाळी अकराला, गल्ली जागी असताना, गोणपाट न टाकता. मोठ्या रस्त्यानं उलट्या दिशेला जायचे, व्हॉल्व्हच्या चेंबरवरून वळसा घालून नाल्याकडं. तो वळसा मुद्दाम होता हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. लोकांना जे वाटत होतं त्याला ते रोज सकाळी दुजोरा देत होते. पाणी सोडणाऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून त्यांनी त्याला चहाला बोलावणं बंद केलं. तो दुखावला, आणि म्हातारा माणूसघाणा झाला असं सगळीकडं सांगत सुटला. माणसं तुमच्या तोंडावर बोलतात, तुम्हाला काही वाटत नाही का, असं मी एकदा त्यांना विचारलं. ते पान उलटं करून बघत होते. म्हणाले, वाटतं. मग पुढचं पान.

बारा झाडं वाचली. नवीन लावायला त्यांनी माझ्यासमोर एकही आणलं नाही. फाटकातून आत मला पुढं कधी बोलावलं नाही, फूल दिलं नाही, आणि माझी पत्रकं लाल खुणा करून परत आणून द्यायचं थांबवलंही नाही. खुणा वाढल्या होत्या. मला वाटतं, माझ्यावर विश्वास बसावा असं काही मी केलं नव्हतं, आणि तो बसल्यासारखं न दाखवण्याइतके ते प्रामाणिक होते.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या खाली एक बाई भाड्यानं राहायला आल्या, फुलंब्रीच्या, नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात. मी आणि त्या गल्लीबाहेर, कोपऱ्याजवळ भाजीच्या गाड्याशी उभ्या होतो. स्कूटर आली. पुढं कॅन, मागं कॅन, दोन्ही भरलेले, म्हणून हळू. बाईंना गल्लीनं सगळं सांगून ठेवलेलं होतं. त्या मला म्हणाल्या, आवाज न दाबता, "हेच व्हय ते पाणीचोर?"

काकांनी ब्रेक लावला. एक पाय रस्त्यावर टेकवला आणि माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी संशय बघितला होता, तुच्छता बघितली होती, एकदा हसू बघितलं होतं. भीती बघितली नव्हती. ती त्या दिवशी दिसली. मला खरं बोलायची खोड आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मी म्हटलं, "हो. हेच. मीच छापलं होतं त्यांच्यावर."

बाई म्हणाल्या, लाज नाय माणसाला. काकांनी पाय उचलला आणि स्कूटर पुढं गेली. कोपऱ्यावर वळताना मागचा कॅन कलला, झाकणाखालून थोडं पाणी सांडलं, आणि नाल्याकडून आमच्या गल्लीत येणाऱ्या डांबरावर एक ओली रेघ उमटली. भाजी घेऊन बाई घरात गेल्या. ती रेघ उन्हात पूर्ण वाळेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.